चौदापैकी शून्य

ऑपरेशननंतर केमो घ्यायची का, हा प्रश्न १९९० सालाआधी पेशंटपुढे सहसा येतच नसे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर सापडला की सर्जन तेवढा भाग काढून टाकत, टाके सुकले की घरी सोडत, आणि पुढचं पुढे. फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध १९५७ पासून होतं. पण ऑपरेशननंतर ते दिल्याने आजार उलटायचा थांबतो का, याचा भक्कम पुरावा नव्हता. तो १९९० मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स मोर्टेल यांच्या चाचणीतून मिळाला. कॅन्सर लिम्फच्या गाठींपर्यंत पोचलेल्या, म्हणजे तिसऱ्या स्टेजच्या पेशंटांमध्ये फाइव्ह-एफयू आणि लेव्हामिसोल दिल्यावर मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटले. तिसऱ्या स्टेजचा प्रश्न तिथे सुटला. दुसऱ्या स्टेजचा, म्हणजे आतड्याच्या भिंतीत खोल शिरलेल्या पण गाठी न गाठलेल्या कॅन्सरचा, अजून पुरता सुटलेला नाही.

माझा थोरला भाऊ या दुसऱ्या गटातला. बेळगावात आयटीआय करून तो टर्नर म्हणून बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आला आणि टूलरूममध्येच मुरला. २०१८ मध्ये ऑपरेशन झालं. रिपोर्टवर पीटी३, एन०, आणि गाठींपुढे ०/१४. यातल्या शून्याइतकाच चौदाही महत्त्वाचा, हे आम्हाला नंतर कळलं. निदान बारा गाठी तपासलेल्या नसतील तर त्या शून्यावर विसंबता येत नाही. आतडं तुंबलेलं नव्हतं, फुटलेलं नव्हतं, रक्तवाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी एमएमआर प्रथिनंही शाबूत होती. ती गायब असती तर निर्णय आणखी सोपा झाला असता, कारण अशा दुसऱ्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये नुसत्या फाइव्ह-एफयूचा फायदा होत नाही, असं २००३ पासूनचे अभ्यास सांगत आले आहेत.

ऑन्कॉलॉजिस्टनी २००७ च्या क्वासार चाचणीचा हिशेब मांडला. तीन हजारांवर पेशंट, त्यातले बहुतेक दुसऱ्या स्टेजचे. केमो दिल्याने शंभरात तीन-चार जण जास्त वाचतात. बहुतेकांना नुसत्या ऑपरेशननेच गुण आलेला असतो, आणि काहींचा आजार केमो घेऊनही उलटतो. त्यांचा स्वतःचा कल केमो न देण्याकडे होता, पण शेवटचा शब्द त्यांनी आमच्यावर सोडला. वहिनी म्हणाली, "त्या तिघांत हेच असले तर?" त्या प्रश्नाचं कुणाकडेच उत्तर नव्हतं. गावाहून फोन येत होते, "काही राखून ठेवू नका, सगळं करा." माया त्यात होतीच. पण केमो न घेणं म्हणजे उपचार सोडणं, हा समजही त्यात होता, आणि तो सगळ्या घराला लागला होता. घ्यायची असेल तर सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू करायची, त्यामुळे विचाराला फार सवडही नव्हती.

दादाने मात्र तिसरीच गोष्ट विचारली: हाताचं काय?

टूलरूममध्ये उभं राहिल्याशिवाय हा प्रश्न कळणार नाही. जॉब लेथवरून उतरला की मायक्रोमीटर लावण्याआधी दादा कडेवरून अंगठा फिरवतो. डोळ्याला न दिसणारी धातूची बर अंगठ्याला लागते. मग नख आडवं ओढून फिनिश बघतो. शतांश मिलिमीटरचं काम आधी बोटांना कळतं, माप नंतर घेतलं जातं. फाइव्ह-एफयूच्या जोडीला दिलं जाणारं ऑक्सॅलिप्लॅटिन घाव घालतं ते नेमकं इथेच. जपानमधल्या नागोयात १९७६ मध्ये योशिनोरी किदानी यांनी शोधलेलं हे औषध २००४ च्या मोझॅक चाचणीनंतर सगळीकडे रूढ झालं. त्याने गार लोखंडाला हात लागला तरी मुंग्या येतात, फ्रिजमधली बाटली धरवत नाही. बहुतेकांचा त्रास वर्षभरात ओसरतो. काहींची बोटं चार वर्षांनीही बधिर राहिल्याचं त्याच चाचणीत दिसलं. आणि दुसऱ्या स्टेजमध्ये या औषधाने आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालेलं नाही.

मग गोळ्या? कॅपेसिटाबीनने तळहात लाल होतात, सोलतात. या गोळ्या घेणाऱ्या सिंगापूरच्या एका माणसाला २००८ मध्ये अमेरिकेच्या विमानतळावर चार तास अडवून ठेवलं होतं, कारण त्याच्या बोटांचे ठसेच उमटत नव्हते. ज्याची हजेरी गेटवरच्या मशीनवर अंगठा टेकवून लागते, त्याला ही गोष्ट परकी वाटत नाही.

"बोटांना कळेना झालं तर मी कशाचा टर्नर?" दादा म्हणाला. डॉक्टरांनी हे मन लावून ऐकलं, त्याचं मला आजही मोल वाटतं. शंभरातल्या तीन-चारांच्या पारड्यासमोर माणसाचं काम ठेवलंच पाहिजे. ते पेशंटने बोलून दाखवल्याशिवाय डॉक्टरांना कळायचं कसं? केमो न घ्यायचं ठरलं. त्याबरोबर दर काही महिन्यांनी सीईएची रक्ततपासणी, ठरल्या वेळी सीटी स्कॅन आणि वर्षाने कोलोनोस्कोपी हेही ठरलं, आणि त्यात दादाने कधी चुकारपणा केला नाही. २०२३ मध्ये पाच वर्षं निर्धोक पार पडली. त्यावरून निर्णय बरोबर होता असं सिद्ध होत नाही. केमो घेतली असती तरी बहुधा हेच झालं असतं.

पुढे ऑस्ट्रेलियातली डायनॅमिक चाचणी २०२२ मध्ये आली. दुसऱ्या स्टेजच्या ४५५ पेशंटांपैकी काहींचं रक्त तपासून, त्यात कॅन्सरचा डीएनए सापडला तरच केमो दिली; बाकीच्यांचं नेहमीच्या पद्धतीने ठरवलं. शंभरात अठ्ठावीसऐवजी पंधरा जणांनाच ती द्यावी लागली, आणि दोन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं. अशी तपासणी पीण्याच्या कामगाराच्या खिशाला परवडली तर वहिनीच्या प्रश्नाला निदान अर्धं उत्तर मिळेल.

दादाच्याच शॉपमधल्या एका फिटरच्या गाठींत मात्र कॅन्सर सापडला. तिथे केमो घ्यायची की नाही हा प्रश्नच नव्हता, किती महिने एवढाच होता. २०१८ मध्ये आलेल्या आयडिया अभ्यासाने तिसऱ्या स्टेजमधल्या कमी धोक्याच्या पेशंटांचे सहा महिने तीनवर आणले होते. त्याने ते तीन महिने पुरे केले. पगार ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेत आणि दोन वर्षांची सलग नोकरी, म्हणून कॅन्सरसाठीच्या वाढीव आजारपण भत्त्यातून ८० टक्के वेतन मिळत राहिलं. कामावर परतल्यावर डिसेंबरच्या गार सकाळी त्याला स्पॅनर धरवत नव्हता. फोरमनने त्याला उन्हाळा लागेपर्यंत स्टोअरला बसवलं, आणि मार्चमध्ये तो पुन्हा असेंब्लीवर आला.