प्रकाश पडला की काम करणारी गाळणी

2001 ते 2003 या तीन उन्हाळ्यांत कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एका प्रायोगिक तळ्यात शास्त्रज्ञांनी मुद्दाम एक संप्रेरक सोडलं. गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये असतं तेच, कृत्रिम इस्ट्रोजेन. प्रमाण होतं लिटरमागे 5 ते 6 नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक म्हणजे नॅनोग्रॅम. एवढ्याशा मात्रेनं नर माशांमध्ये मादीची लक्षणं दिसू लागली आणि फॅटहेड मिनो नावाचे छोटे मासे त्या तळ्यातून जवळजवळ नाहीसे झाले.

माणसाच्या आणि गुराढोरांच्या लघवीतून संप्रेरकं सांडपाण्यात येतच असतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले जिवाणू बरीचशी घाण खातात, पण नॅनोग्रॅममध्ये मोजायची मात्रा त्यांच्या हातून निसटते. वाळूची गाळणी इथं कुचकामी. आरओ बरंच काही अडवतं. मात्र अडवलेलं सगळं बाजूच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अधिक दाट होऊन साचतं. म्हणजे घाणीची जागा बदलली, घाण संपली नाही. ती जागेवरच संपवता येईल का, या प्रश्नाचं मला पटलेलं एक उत्तर म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक बसवलेलं पॉलिमरचं मेम्ब्रेन.

उत्प्रेरक आपल्या ओळखीचाच आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि टूथपेस्टमध्ये वापरतात तो टायटॅनियम डायऑक्साइड. 1967 साली टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हा संशोधक-विद्यार्थी केनिची होंडा यांच्या मार्गदर्शनाखाली काम करत होता. त्यानं पाण्यात बुडवलेल्या या पदार्थाच्या स्फटिकावर झेनॉन दिव्याचा प्रकाश पाडला, तर स्फटिकावरून ऑक्सिजनचे आणि जोडलेल्या प्लॅटिनमवरून हायड्रोजनचे बुडबुडे येऊ लागले. प्रकाशाच्या बळावर पाण्याचं विघटन होत होतं. 1972 साली हा शोध ‘नेचर’मध्ये आला आणि त्यातून एक नवी विद्याशाखाच उभी राहिली.

घडतं ते असं. अतिनील प्रकाशाचा कण टायटॅनियम डायऑक्साइडवर आदळला की आतला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर उडी मारतो आणि मागं एक रिकामी जागा उरते. बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन लगेच परत येऊन ती भरून टाकतो, नुसती उष्णता होते. ज्या थोड्या जोड्या पृष्ठभागापर्यंत पोचतात, त्याच कामाच्या. तिथं ती रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. इकडचा सुटा इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो, म्हणून पाण्यात ऑक्सिजन असावा लागतो. हायड्रॉक्सिल रॅडिकल वाटेत येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. पुरेसा वेळ मिळाला तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं.

या रॅडिकलचं आयुष्य मात्र काही नॅनोसेकंदांचं. जिथं जन्मतो तिथून तो फार दूर जाऊच शकत नाही. तेव्हा खरी अडचण अंतराची आहे: घाणीचा रेणू उत्प्रेरकाच्या अगदी अंगाला भिडला पाहिजे. उत्प्रेरकाची पूड पाण्यात ढवळली तर हे साधतं, पण मग काही नॅनोमीटरचे ते कण पाण्यातून परत काढायचे कसे? मेम्ब्रेननं हा पेच सोडवला, आणि माझ्या मते या तंत्राचा प्राण उत्प्रेरकापेक्षा तो कुठं बसवला आहे यात आहे.

मेम्ब्रेन तयार होताना बघण्यासारखं असतं. पॉलिमर द्रावकात विरघळवून काकवीसारखा दाट करतात, काचेवर ओततात आणि सरळ पात्यानं त्याचा पातळ थर ओढतात. काच पाण्यात बुडवली की द्रावक पाण्यात निघून जातो, पॉलिमर आखडतो आणि पारदर्शक थर काही क्षणांत डोळ्यांदेखत पांढरा होतो. तो पांढरेपणा असतो असंख्य सूक्ष्म छिद्रांचा. उत्प्रेरकाचे कण त्या दाट द्रावणातच मिसळता येतात, पण त्यातले बरेच पॉलिमरच्या आत गाडले जाऊन वाया जातात. लाइपझिगच्या लाइबनित्झ संस्थेतल्या संशोधकांनी दुसरी वाट धरली: आधी मेम्ब्रेन करायचं, मग कमी तापमानात छिद्रांच्या भिंतींवरच कण वाढवायचे. एरवी या कणांना भट्टीचं तापमान लागतं. त्यात पॉलिमर वितळून गेला असता.

याच मेम्ब्रेनवर कार्ल्सरूह तंत्रज्ञान संस्थेतल्या आंद्रेआ शेफर यांच्या गटानं 2022 साली संप्रेरकांचे प्रयोग प्रसिद्ध केले. लिटरमागे 100 नॅनोग्रॅम इस्ट्राडायॉल हे संप्रेरक असलेलं पाणी प्रकाशात ठेवलेल्या मेम्ब्रेनमधून सोडलं, आणि त्यातलं बहुतेक नष्ट झालं. इथं चाळून अडवण्याचा प्रश्नच नाही. छिद्र 0.2 मायक्रॉनचं धरलं, तर इस्ट्राडायॉलचा रेणू त्याच्या दोनशेव्या हिश्श्याएवढा. तो आरामात आत शिरतो. पण मेम्ब्रेनची जाडी 100 मायक्रॉन आणि चौरस मीटरमागे तासाला 60 लिटर पाणी जात असेल, तर त्याला पार व्हायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात पाण्यात इकडेतिकडे भरकटताना तो छिद्राच्या भिंतीवर हजारो वेळा आपटतो. प्रकाश वरच्या थोड्याच थरात पोचतो हे गृहीत धरूनही भेटींना तोटा नाही.

अडचणी बऱ्याच आहेत. टायटॅनियम डायऑक्साइडला लागणारा अतिनील प्रकाश उन्हात जेमतेम 5 टक्के असतो. दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या कार्बन नायट्राइडसारख्या पदार्थांवर म्हणूनच एवढं काम सुरू आहे. रॅडिकलला आपपर कळत नाही, तो पॉलिमरलाही कुरतडतो. कार्बन-फ्लोरिनचे मजबूत बंध असलेला पीव्हीडीएफ हा पॉलिमर त्यापुढं अधिक टिकतो. जड पाण्यातले बायकार्बोनेट रॅडिकलना परस्पर गिळतात. इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगमधून निघणारं गडद रंगाचं पाणी थेट या मेम्ब्रेनवर सोडावं, असं मी म्हणणार नाही. तिथं प्रकाश आतच जाणार नाही. आधीची सगळी प्रक्रिया झालेल्या नितळ पाण्याचा हा शेवटचा टप्पा आहे.

मोठी अडचण जागेची. तासाला 60 लिटरच्या हिशेबानं रोज दहा लाख लिटर पाण्याला सुमारे 700 चौरस मीटर मेम्ब्रेन लागेल, तेही चोवीस तास उजेडात. फक्त आठ तासांच्या उन्हावर चालवायचं तर वीस गुंठे. साधं मेम्ब्रेन गुंडाळून किंवा पोकळ धाग्यांच्या जुडग्यात भरून छोट्या नळकांड्यात मावतं. याला मात्र उघडं अंथरावं लागतं, नाहीतर थराथरांत अतिनील एलईडी बसवून विजेचं बिल सोसावं लागतं. त्यामुळं पुढची गरज आहे ती प्रकाश आतपर्यंत नेणाऱ्या नळकांड्याच्या चांगल्या रचनेची, आणि ते काम रसायनशास्त्रज्ञांइतकंच इंजिनिअरांचं आहे.