दांडे नसलेली हत्यारं

आमच्या गावात कुऱ्हाडीचा दांडा मोडला की सुताराकडे जायचं आणि पातं बोथटलं की लोहाराकडे. एकट्या माणसाला सगळं यावं अशी अपेक्षाच नव्हती; बलुत्यावर गाव चालायचं. त्यामुळे रिचर्ड प्रेनेकीची गोष्ट कळली तेव्हा मला त्याच्या एकांतापेक्षा त्याच्या हत्यारांच्या ओझ्याचंच नवल वाटलं. १९६८च्या मे महिन्यात, वयाच्या ५२व्या वर्षी, हा माणूस अलास्कातल्या ट्विन लेक्स सरोवराकाठी मुक्कामाला आला तेव्हा त्याच्या बऱ्याच हत्यारांना दांडेच नव्हते. नुसती लोखंडी पाती आणि टोकं. दांडा लाकडाचा, आणि लाकडाला तिथे काय तोटा? मग वाहून कशाला न्यायचा!

हा हिशेब मेकॅनिकचा आहे. प्रेनेकीला सगळे डिक म्हणत. जन्म १९१६चा, आयोवा राज्यातल्या प्रिमरोझचा. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात सुतार होता. तिथे संधिवाताच्या तापानं त्याला काही महिने अंथरुणाला खिळवलं. आयुष्यभर अंगमेहनतीनं शरीर राखायची त्याची जिद्द त्या दुखण्यातून आली असं मानतात. पुढे तो डिझेल इंजिनांचं काम शिकला, ओरेगनमध्ये मेंढ्यांच्या रँचवर राबला, आणि १९५०च्या सुमारास अलास्कात गेला तो शुयाक बेटावर गुरांचा रँच काढायच्या बेतानं. तो बेत फसला. मग कोडियाकच्या नौदल तळावर अवजड यंत्रं चालवणं, ती दुरुस्त करणं, मधूनच सामन मासे पकडणं. कामावरच्या एका अपघातात डोळा जाता जाता वाचला. नजर शाबूत आहे तोवर मनासारखं जगून घ्यावं, हे तेव्हा त्याच्या मनानं घेतलं.

ट्विन लेक्सकाठी त्यानं स्वतः बांधलेल्या खोपटाची तयारी आदल्या उन्हाळ्यापासूनची. १९६७मध्ये त्यानं स्प्रूसची झाडं तोडली, साली काढल्या आणि ओंडके वाळत ठेवले. पुढच्या वर्षी ते एकावर एक चढवले. वरच्या ओंडक्याच्या पोटावर खालच्याच्या पाठीचा आकार आखून घ्यायचा, तेवढीच खाच काढायची, बसवून बघायचं, पुन्हा उचलायचं, पुन्हा तासायचं. छपरावर डांबरी कागद, प्लास्टिक आणि वर शेवाळाचे थर. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्या! दार आडवं दुभागलेलं, म्हणजे खालचा अर्धा लावून वरच्या अर्ध्यातून बाहेर बघता येतं. अस्वलांच्या मुलखात ही सोय मोठीच.

पण मला सर्वांत जवळचे वाटतात ते त्याचे डबे. इंधनाचे रिकामे पत्र्याचे डबे कापून, कडा दुमडून त्यानं भांडी घासायचं घमेलं, पाण्याची बादली, जिन्नस ठेवायची पेटी असं एकेक केलं. गोडेतेलाच्या डब्याला झाकण लावून त्यात ज्वारी भरणाऱ्या, आणि तो गळायला लागला की त्यात तुळस लावणाऱ्या घरात मी वाढलो. त्या पत्र्याचा कापलेला काठ बोटाला कसा लागतो, हे मला सांगावं लागत नाही.

'एकट्यानं, कुणाच्या मदतीशिवाय' असं त्याच्याबद्दल सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही, आणि तसा आव त्यानंही आणला नाही. खोपटं उभं राहीपर्यंत तो एका मित्राच्या खोपटात राहिला. ओट, घेवड्याच्या बिया, टपाल, छपराचा डांबरी कागद हे सगळं बेब आल्सवर्थ हा वैमानिक छोट्या विमानातून आणून टाकी. विमान कधी येईल याचा भरवसा हवेवर, त्यामुळे मधल्या काळात जे मोडेल ते स्वतःच सांधायचं. त्याची स्वयंपूर्णता मला एवढ्याच अर्थानं पटते. आणि हा अर्थ लहान नाही: हिवाळ्यात पारा उणे ४०च्या आसपास उतरतो. तिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच आकडा दाखवतात.

तो रोज लिहायचा. हवामान, प्राणी, दिवसभराचं काम यांनी शेकडो वह्या भरल्या. चित्रीकरणही स्वतःच करायचा: कॅमेरा तिवईवर लावायचा, चालू करून समोर जायचं, काम करायचं, परत येऊन बंद करायचं. पडद्यावर तो दूर चालत जाताना दिसला की मला हटकून त्याची परतीची पायपीट आठवते. त्याच्या रोजनिशीवरून सॅम कीथ या मित्रानं लिहिलेलं पुस्तक १९७३मध्ये आलं. १९८०मध्ये तो सगळा परिसर लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानात गेला, आणि उद्यानवाल्यांना निरीक्षणं पुरवणारा माणूस जागेवर आयताच मिळाला. शिकारी मागे टाकून गेलेलं मांस तो वाया जाऊ देत नसे, त्यांचा कचराही उचलून आणी. शिंगांसाठी जनावर मारून बाकीचं कुजत टाकणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग होता.

८२व्या वर्षी हिवाळा झेपेना, तेव्हा तो कॅलिफोर्नियात भावाकडे गेला. २० एप्रिल २००३ रोजी, ८६व्या वर्षी, तिथेच वारला. खोपटं त्यानं उद्यान खात्याला दिलं होतं. २००७पासून ते अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आहे. उन्हाळ्यात लोक बघायला जातात. रस्ता अजून नाही, पाण्यावर उतरणाऱ्या विमानानंच जावं लागतं. काठावर उतरून चार पावलं चाललं की समोर ते दुभागलेलं दार.