दुमडलेला कोपरा

बुधवारी आणि रविवारी पुण्यात जुना बाजार भरतो. जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, पितळी कुलपं आणि कडेला कुठेतरी कागदाचा ढीग. बिस्किटांच्या डब्यातली टपाल तिकिटं, सुतळीनं बांधलेली पोस्टकार्डं, सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका, काडेपेट्यांची लेबलं. हा जुना कागद ईबेवर लिलावात विकणारा माणूस ढिगापाशी उकिडवा बसतो, तेव्हाच त्याच्या डोक्यात वर्णन जुळू लागतं. डावा कोपरा दुमडलेला, मागे शाईचा डाग, कडेचा एक दात तुटका. हेच दोष दाखवून तो इथे भाव पाडून घेतो आणि रात्री घरी बसून हेच दोष, कुणी विचारलेलं नसताना, सातासमुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला लिहून कळवतो. त्याची कमाई या दुसऱ्या सांगण्यावर उभी असते.

ईबेची सुरुवातच एका बिघडलेल्या वस्तूपासून झाली. सप्टेंबर १९९५मध्ये पिएर ओमिड्यार या संगणक अभियंत्यानं कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ नावाचं संकेतस्थळ चालू केलं आणि पहिल्या विक्रीत एक बंद पडलेला लेझर पॉइंटर १४.८३ डॉलरना गेला. हा चालत नाही हे ठाऊक आहे ना, असं ओमिड्यारनं घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं. आपण बिघडलेलेच लेझर पॉइंटर जमवतो, असं उत्तर आलं. जगात प्रत्येक वस्तूला कुठे ना कुठे गिऱ्हाईक असतं, हे सांगायला ही गोष्ट नेहमी वापरली जाते. पण विकणाऱ्यानं आपणहून विचारलं, हा तिच्यातला भाग जास्त मोलाचा आहे.

घरी आल्यावर चिमटा, भिंग आणि स्कॅनर. जाणकार विक्रेता तिकिटाला बोट लावत नाही. हाताच्या घामानं मागच्या डिंकावर डाग पडतो. पुढची बाजू स्कॅन होते तशी मागचीही होते, कारण संग्राहकाला डिंक बघायचा असतो, आधीच्या मालकानं वहीत चिकटवल्याची खूण बघायची असते. पार्श्वभूमीला काळा कागद ठेवतात. त्यावर पांढऱ्या दंतुर कडा स्पष्ट दिसतात आणि तुटका दात लपत नाही.

मग खरं-खोटं पारखायचं. उदाहरण घ्यायचं तर १५ ऑगस्ट १९४८ला, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी निघालेल्या गांधींच्या चार तिकिटांचं घेता येईल. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ती स्वित्झर्लंडमध्ये कूर्व्हाझिए छापखान्यात छापली गेली आणि त्यांवर देवनागरी व उर्दूत ‘बापू’ असं आहे. दहा रुपयांच्या तिकिटाला जगभर मागणी, म्हणून त्याच्या नकलाही उदंड. अस्सल तिकीट फोटोग्रॅव्हर पद्धतीचं. ऑफसेटवर छापलेली नक्कल दहापट भिंगाखाली ठिपक्यांमुळे उघडी पडते. दोन सेंटीमीटरमध्ये किती दात येतात हेही पट्टी लावून मोजायचं. इथे साडेअकरा यायला हवेत. एवढं करूनही शंका उरली, तर ‘तज्ज्ञाचं प्रमाणपत्र नाही’ असं स्वच्छ लिहायचं आणि कमी भाव येईल तो घ्यायचा. एका तिकिटामागे असा अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि त्याचं मोल हिशेबाच्या वहीत कुठेच चढत नाही.

लिलाव एक, तीन, पाच, सात किंवा दहा दिवसांचा लावता येतो. सात दिवस धरले की मधे एक शनिवार-रविवार येतोच. बोलीची रीत आपल्या बाजार समितीतल्या हाळीपेक्षा वेगळी आहे. घेणारा आपली कमाल रक्कम गुपचूप नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीनं गरजेपुरतीच बोली वाढवते. सुरुवात एक डॉलरपासून आहे असं समजा. एकानं वीसपर्यंत जायची तयारी ठेवली, दुसऱ्यानं बारापर्यंत, तर भाव साडेबारावर थांबतो. वीस मनात असलेल्याला वस्तू साडेबाराला मिळते. म्हणजे विकणाऱ्याच्या हाती काय पडणार, हे जिंकणाऱ्यापेक्षा हरणारा ठरवतो. अशा लिलावांचं गणित विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञानं १९६१मध्येच मांडलं होतं. १९९६चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. विक्रेत्याला ते गणित अनुभवानं पाठ असतं. दुर्मीळ वस्तूलाही किमान दोन हट्टी माणसं लागतात, आणि एकच भेटला तर ती सुरुवातीच्या भावात जाते.

खरी झटापट शेवटच्या मिनिटात होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारचे संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे सोमवारचे सकाळचे साडेआठ झालेले असतात, उन्हाळ्यात साडेसात. सहा दिवस चार डॉलरवर निवांत बसलेला आकडा अखेरच्या दहा सेकंदांत एकोणीसवर जातो. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी याचा कसून अभ्यास केला. ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत शेवटी बोली आली की मुदत आपोआप वाढायची, आणि तिथे ही शेवटच्या क्षणाची घाई बरीच कमी आढळली. ईबेवर घड्याळ कुणासाठी थांबत नाही. विक्रेत्याच्या हातात तेव्हा काहीच नसतं. त्याचं काम आठवड्यापूर्वी, वर्णन लिहिताना संपलेलं असतं.

अशा वर्णनांतून मिळणाऱ्या विश्वासाची किंमत मोजलीही गेली आहे. मिशिगन विद्यापीठाचे पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग २००६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात जुनी पोस्टकार्डं विकणारा एक मुरलेला ईबे-विक्रेताही होता. त्यानं सारख्याच पोस्टकार्डांच्या जोड्या लावल्या. एक गठ्ठा आपल्या जुन्या, नावाजलेल्या खात्यावरून विकला आणि दुसरा कोऱ्या, नव्या खात्यावरून. माल तोच, माणूस तोच. तरी जुन्या नावाला गिऱ्हाईक ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होतं. ईबेवर १९९६मध्ये सुरू झालेल्या फीडबॅकच्या, म्हणजे गिऱ्हाइकानं विक्रेत्याला शेरा देण्याच्या पद्धतीतून वर्षानुवर्षं साचलेली ही पत. सोन्याच्या दुकानावर ‘आमची कुठेही शाखा नाही’ अशी पाटी लावणाऱ्या गावाला हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

उलट बाजूही पाहायला हवी. मे २०००मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वकिलानं एक अमूर्त चित्र २५ सेंटपासून लिलावाला लावलं. आपण कलेतलं काही न कळणारे साधे गृहस्थ आहोत आणि चित्राला पोरामुळे भोक पडलंय, असं त्यानं भासवलं. चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्नचं असावं असं वाटायला लावणारी आद्याक्षरं कोपऱ्यात होती. भाव १,३५,८०५ डॉलरवर गेला. विक्रेत्याला मूलच नव्हतं आणि तो साथीदारांसह एकमेकांच्या मालावर खोट्या बोली लावत होता. विक्री रद्द झाली, पुढच्या वर्षी त्यानं न्यायालयात गुन्हा कबूल केला. पाहण्यासारखं हे की, त्यानंही दोष सांगितलाच होता. दोषाचं भांडवल केलं, इतकाच फरक, आणि तो गुन्ह्याएवढा मोठा.

भारतात लिलावाची ही रीत २०००च्या सुमारास मुंबईच्या बाझी डॉट कॉमनं रुजवली. ईबेनं ती कंपनी २००४मध्ये विकत घेतली. पुढे भारतातला व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८मध्ये ईबे डॉट इन बंद झालं. तेव्हापासून इथला विक्रेता परदेशी गिऱ्हाइकासाठीच माल लावतो, आणि तिथे कायदा आडवा येतो. १९७२च्या पुरावशेष व कलावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची आहे. जुन्या बाजारात शिवराई मिळाली तरी ती परदेशी लिलावात लावण्याचा मोह आवरावाच लागतो, आणि आवरलाच पाहिजे. आपल्या मातीतलं नाणं वीस-पंचवीस डॉलरसाठी कायमचं परक्या कपाटात जाऊ देणं कोणत्याच हिशेबात बसत नाही.

हिशेब तसाही बेताचाच असतो. कमिशन केवळ वस्तूच्या भावावर नसतं, टपालखर्च धरून होणाऱ्या एकूण रकमेवर कापलं जातं. शिवाय चलन बदलताना थोडं गळतं. न विकलेला माल पुन्हा लावायचा, हरवलेल्या पाकिटाचे पैसे परत करायचे. २०२५मध्ये अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची आयातकर-सवलत काढली, तेव्हा भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून तिकडचं बहुतेक बुकिंग थांबवलं. ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. मधले सात आठवडे टपालावर अवलंबून असलेल्या छोट्या विक्रेत्यांसाठी फार कठीण होते. खासगी कुरिअरचा दर पाच डॉलरच्या पोस्टकार्डाला झेपत नाही.

विकलेलं तिकीट पारदर्शक पाकिटात, ते दोन पुठ्ठ्यांच्या मधे, पुठ्ठ्यांना चारही बाजूंनी चिकटपट्टी. पण पट्टीचं टोक किंचित दुमडून ठेवायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला कात्री घालावी लागत नाही. वर सीमाशुल्काचा छोटा अर्ज, त्यात वस्तूची खरी किंमत. काही संग्राहक आधीच विनवून ठेवतात, की पाकिटावर छापील लेबल नको, खरी तिकिटं लावा. त्यांना लखोटाही जपायचा असतो. म्हणून पोस्टाच्या काउंटरवर विक्रेता नव्या तिकिटांतली चांगली निवडून घेतो, ती सरळ रांगेत चिकटवतो आणि पाकीट आत सरकवताना म्हणतो, “मॅडम, ठसा जरा कोपऱ्यावर आणि स्पष्ट मारता का?”