सहातून चार गेले, उरले दोन

उभ्या ट्रकच्या मागे वाकून पाहिले, तर दोन्ही चाकांना जोडणारा जाड आडवा आस दिसतो. गॅरेजमध्ये ज्यांना ‘पाटे’ म्हणतात, त्या पोलादी पट्ट्यांच्या कमानींना तो बांधलेला असतो. पाटे दोन कामे करतात: वजन पेलणे आणि आसाला जागेवर धरून ठेवणे.

खडक, नाले ओलांडणाऱ्या गाडीची चाके मात्र पुष्कळ वरखाली व्हावी लागतात. त्यासाठी पाट्यांऐवजी गुंडाळीची स्प्रिंग वापरतात. ती वजन पेलते, पण आसाला जागेवर धरू शकत नाही. हे दुसरे काम लांब दांड्यांवर, म्हणजेच लिंकवर, सोपवावे लागते. अशा दांड्या किती हव्यात? याचे उत्तर चक्क मोजून काढता येते.

कोणतीही मोकळी दृढ वस्तू सहा प्रकारे हलू शकते: तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. आसासाठी हे प्रकार असे:

१. वर-खाली सरकणे
२. पुढे-मागे सरकणे
३. डावीकडे-उजवीकडे सरकणे
४. एक चाक वर, दुसरे खाली असे कलणे
५. एक चाक पुढे, दुसरे मागे असे वळणे
६. स्वतःच्या लांबीभोवती फिरणे

यांपैकी पहिली आणि चौथी हालचाल आपल्याला हवी आहे. बाकीच्या चार थांबवायच्या आहेत.

दोन्ही टोकांना गोलक-सांधा असलेली दांडी चासीवरचा एक बिंदू आणि आसावरचा एक बिंदू यांमधले अंतर कायम राखते. बाकी काही नाही. म्हणजे एक दांडी, एक बंधन. चार हालचालींसाठी चार दांड्या पुरतात. मात्र चारही गाडीच्या लांबीला समांतर लावल्या, तर आस आडवा सरकायला मोकळाच राहतो. म्हणून निदान एक तरी तिरकी किंवा आडवी हवी.

ब्रिटनमध्ये १९७० साली आलेल्या रेंज रोव्हर गाडीत हा हिशेब छान दिसतो. तिच्या मागच्या आसाला खाली दोन दांड्या होत्या. वर इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट होती आणि तिचे टोक आसाच्या मध्यावर गोलक-सांध्याने जोडलेले होते. ‘ए’चे दोन पाय म्हणजे दोन तिरक्या दांड्याच. एकूण बंधने चार.

पुढच्या आसाला दोन भक्कम भुजा होत्या. प्रत्येक भुजा आसाला दोन ठिकाणी पकडत असल्याने ती दोन दांड्यांच्या बरोबरीची. शिवाय पॅनहार्ड रॉड नावाची एक आडवी दांडी. बंधने झाली पाच! मग एक चाक खडकावर चढे कसे? सांध्यांतले रबरी बुश दबत म्हणून. पण रबर दबून दबणार किती? बंधन जास्त झाले की दुसरे चाक लवकर उचलले जाते. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत हवेतले चाक नुसते गरगरते, जमिनीवरच्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही आणि गाडी चढावर अडकते.

आता दांड्यांवरील बल पाहू. समजा, मागच्या आसाच्या दांड्या आसापासून पुढे जाणाऱ्या आणि आडव्या आहेत. खालच्या जमिनीपासून ३० सेंमी, वरच्या ५० सेंमी उंचीवर आहेत. जमीन चाकांना ४००० न्यूटन बलाने पुढे ढकलते. जमिनीच्या पातळीभोवती आघूर्णांचा समतोल मांडला, तर खालच्या दांड्यांवर मिळून १०,००० न्यूटन दाब आणि वरच्यांवर ६००० न्यूटन ताण येतो. त्यांची वजाबाकी बरोबर ४०००! आता वरच्या दांड्या ४० सेंमीवर आणा. हेच आकडे १६,००० आणि १२,००० होतात. दांड्यांमधले अंतर निम्मे केले, तर वरच्या दांड्यांवरील ताण दुप्पट झाला. जागा वाचवण्यासाठी दांड्या जवळ आणणाऱ्याचे बुश आणि वेल्डिंग इथेच तुटते.

वर्गात हा प्रयोग अवश्य करा. बुटांचे खोके ही चासी, पेन्सिल हा आस, खराट्याच्या काड्या या दांड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे हे सांधे. काडीऐवजी दोरा घेऊ नका, कारण तो ओढतो, पण ढकलू शकत नाही. एकेक काडी जोडत जा आणि पेन्सिलीची कोणती हालचाल थांबली, हे विद्यार्थ्यांना वहीत लिहू द्या. चार काड्या झाल्यावर पाचवी जोडायला सांगा. आता पेन्सिलीचे एकच टोक उचलताना हाताला काय जाणवते?