जुना ट्रॅक्टर निवडताना

नव्या ट्रॅक्टरला लागणारे भांडवल ज्याच्याजवळ नाही, अशा शेतकऱ्याने जुना ट्रॅक्टर घेण्यात गैर काही नाही. पारखून घेतलेले जुने यंत्र पुष्कळ वर्षे इमानाने राबते. परंतु निवड चुकली, तर मृगाचा पाऊस पडून वाफसा आलेला असताना यंत्र बांधावर उभे राहते. पेरणी लांबते आणि गाठीचा पैसा दुरुस्तीत जातो. म्हणून या खरेदीत घाई करू नये.

विकणारा बहुधा यंत्राच्या देशाचे नाव पुढे करतो. हे जर्मन, हे अमेरिकन, हे झेक, असे तो सांगतो. त्यात तथ्य किती, हे समजून घ्यावे. आयशरचा पहिला ट्रॅक्टर जर्मन कंपनीच्या सहकार्याने १९५९ मध्ये फरिदाबाद येथे तयार झाला. महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी सहकार्य केले. मद्रासच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर बांधले. एच.एम.टी.ने १९७१ पासून पिंजोर येथे चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर धर्तीचे ट्रॅक्टर काढले. स्वराजचा आराखडा मात्र दुर्गापूरच्या भारतीय संशोधन संस्थेत तयार झाला व १९७४ मध्ये तो ट्रॅक्टर बाजारात आला. अमेरिकेच्या जॉन डीअरचा कारखाना तर आपल्या पुणे जिल्ह्यात सणसवाडीस आहे. सारांश, नाव परदेशी असले तरी यापैकी बहुतेक यंत्रे भारतातच घडली आहेत.

तरीही मूळ घडणीतील फरक ध्यानात ठेवावा. जुन्या आयशरची अनेक इंजिने हवेने थंड होणारी आहेत. त्यांना रेडिएटर नसतो. परंतु थंडाव्याच्या पात्यांत धूळ व कचरा साचला, तर इंजिन तापते. मॅसी फर्ग्युसनची ख्याती हायड्रॉलिक लिफ्टबद्दल आहे, तेव्हा तेथे लिफ्टच प्रथम तपासावी. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. म्हणून ते यंत्र कितीही दणकट वाटले, तरी तालुक्याच्या दुकानात सुटे भाग मिळतात का, हे विचारूनच व्यवहार करावा. कोणत्याही देशाच्या यंत्रास हीच कसोटी लावावी. भाग जवळ मिळतो काय? ते यंत्र उघडणारा जाणकार मिस्त्री जवळपास आहे काय? ही दोन उत्तरे देशाच्या नावापेक्षा मोलाची होत.

आता प्रत्यक्ष पाहणी. ट्रॅक्टर सकाळी, इंजिन थंड असताना पाहावा. बॉनेटला हात लावून ते आधीच तापवून ठेवलेले नाही ना, याची खात्री करावी. इंजिन सुरू करून ते गरम होऊ द्यावे व मग धूर न्याहाळावा. निळसर धूर सतत येत असेल, तर इंजिन ऑईल जाळीत आहे असे समजावे. फारसे ओझे नसतानाही काळा धूर निघत असेल, तर हवेचा फिल्टर तुंबला असेल किंवा डिझेलच्या पुरवठ्यात दोष असेल. ऑईल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करावे. तो लगेच खाली बसू लागला, तर लिफ्टमध्ये गळती आहे. ओझ्याखाली गिअर आपोआप सुटतो काय, क्लच घसरतो काय आणि पुढची चाके हलवल्यास खेळतात काय, हे पाहावे. तासमापक थोडे तास दाखवितो, पण पायातले पेडल झिजून गुळगुळीत झाले आहे, तर पेडलवरच विश्वास ठेवावा. ताज्या रंगाने भुलू नये. रंगाखाली सांधलेली जागा असू शकते.

कागद यंत्राइतकेच महत्त्वाचे आहेत. आर.सी. पुस्तकातील इंजिन व चॅसिस क्रमांक यंत्रावरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. बँकेच्या कर्जाची नोंद असेल, तर ना-हरकत पत्र व नमुना ३५ घेऊन ती आधी उतरवून घ्यावी. कर्जाची ही नोंद तशीच राहिली, तर दुसऱ्याच्या थकबाकीपायी यंत्र दारातून जाण्याची भीती असते. त्यानंतर नमुना २९ व ३० भरून आर.टी.ओ. कार्यालयात ट्रॅक्टर आपल्या नावावर करून घ्यावा आणि विमा चालू ठेवावा. विकणाऱ्यानेही येथे आळस करू नये. अपघाताच्या दिवशी ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी असेल, तोच भरपाईस जबाबदार ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. तोंडी व्यवहार दोघांनाही महाग पडतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा खरेदीच्या वेळी शेतकऱ्याबरोबर एखादा विश्वासू मिस्त्री द्यावा व कागद वाचून दाखवावेत. मिस्त्रीची मजुरी ही वाया गेलेली रक्कम नव्हे. इसार देण्यापूर्वी तासभर यंत्र शेतात नांगरटीस लावून पाहावे. विकणारा त्यास तयार नसेल, तर नमस्कार करून परत फिरावे. दुसरा ट्रॅक्टर मिळेल, पण गेलेला वाफसा परत येत नाही.