जी नोकरी करणार नाही, तिला शिकवायचं कशासाठी?

मंडळी, आजचा विषय वरवर पाहता रुक्ष आहे. सरकारी अनुदान, आणि तेही अमेरिकेतलं. पण त्यामागचा प्रश्न जुना आहे आणि तो आपल्या घरातलाही आहे.

अमेरिकेत १९७३ चा पुनर्वसन कायदा आहे. त्याच्या मोठ्या भागामागचा हिशेब सरळ आहे : अपंग व्यक्तीला शिकवा, ती नोकरीला लागेल, कर भरेल, खर्च भरून निघेल. आता पंचाहत्तरीच्या एखाद्या आजींचं काय? मॅक्युलर डीजनरेशनमुळे त्यांना कडेचं दिसतं, पण नेमकं मधलं, म्हणजे समोरच्याचा चेहराच, दिसत नाही. त्या काही नोकरीला लागणार नाहीत. त्यांच्या नावापुढे जमेच्या बाजूला काय लिहायचं?

१९७८ च्या दुरुस्तीने या प्रश्नाला उत्तर दिलं. ५५ वर्षांच्या पुढच्या दृष्टिहीनांसाठी वेगळी तरतूद झाली, आणि तिचं उद्दिष्ट नोकरी नव्हे, तर स्वतंत्रपणे जगणं हे ठरलं. पैसा असा जातो : केंद्र देतं ९ डॉलर, राज्याने घालायचा १. राज्याचा वाटा तिथल्या ५५ वर्षांवरील लोकसंख्येवर ठरतो; पण राज्य कितीही लहान असलं तरी किमान २,२५,००० डॉलर मिळतात. राज्याची यंत्रणा स्वतः काम करते किंवा सेवाभावी संस्थांना अनुदान देते.

२०१४ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. एकूण रकमेतले १.८ ते २ टक्के शिकवणाऱ्यांच्याच प्रशिक्षणासाठी आणि मार्गदर्शनासाठी राखून ठेवले. अलीकडच्या वर्षांत एकूण तरतूद साधारण ३.३ कोटी डॉलरची. म्हणजे हा भाग सहा-साडेसहा लाखांचा. मिसिसिपी स्टेट विद्यापीठातल्या केंद्राने हे काम केलं आहे.

कुणी म्हणेल, आधीच रक्कम तुटपुंजी, त्यात शिक्षकांवर कशाला खर्च? आजींनाच द्या की! आक्षेप योग्य वाटतो, पण टिकत नाही. पंचविशीच्या मुलाला ब्रेल शिकवणारा शिक्षक तीच पद्धत घेऊन म्हाताऱ्या माणसाकडे गेला, तर फसतो. मधुमेहाने बोटं बधिर झालेली असतात, ठिपके कळत नाहीत. कान मंद झालेले असतात, त्यामुळे गाडीच्या आवाजावरून रस्ता ओलांडणं जमत नाही. शिवाय आयुष्यभर डोळ्यांनी जगलेल्या माणसाचं दुःखही सोबत असतं. अशा ठिकाणी ब्रेलची सक्ती करायची नसते. शेगडीच्या बटणावर फुगीर ठिपका लावायचा, पांढरा भात गडद ताटात वाढायचा, कपात बोट किंचित आत धरून पाणी ओतायला शिकवायचं. हे शिक्षकाला आपोआप येत नाही. म्हणून ते २ टक्के उरलेल्या ९८ टक्क्यांना उपयोगी करतात.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. ॲरिस्टॉटल दोन प्रकारच्या कृती सांगतो. एकीचं फळ तिच्या बाहेर असतं. सुताराने टेबल केलं, की फळ टेबलात. दुसरीचं फळ ती करण्यातच असतं. आजींनी स्वतःचा चहा स्वतः करणं हे दुसऱ्या प्रकारात बसतं. चहा तर सूनही करील. पण आजींनी स्वतः केल्यात जे आहे, ते सून देऊ शकत नाही. कांट म्हणे, ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरी वस्तू ठेवता येते. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. १९७८ च्या त्या तरतुदीत हाच विचार आहे, जरी तिथे कांटचं नाव नसलं तरी.

शेवटी एक कबुली. काचबिंदूने आमच्या आत्याची नजर गेली, तेव्हा आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून तिला खुर्चीत बसवलं. ‘तू बस गं, आम्ही करतो.’ प्रेमच होतं ते. सुरुवातीला ती स्वयंपाकघराकडे जायला निघायची, मग विचारायची, मग विचारेनाशी झाली. कांट शिकवत होतो आम्ही तेव्हा, वर्गात.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, योजनाही आहेत. पण घरी येऊन ‘आजी, बटण कुठंय ते हाताने बघा’ असं सांगणारं कुणीतरी तयार करावं लागतं, आणि त्याला पगार द्यावा लागतो. आत्याला तसं कुणी भेटलं नाही. आम्हालाही तसं कुणी शोधावं हे सुचलं नाही.