तलावाच्या पाळीवरचा संवाद

आंतरधर्मीय संवाद म्हटला की व्यासपीठ, पुष्पगुच्छ आणि निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींची भाषणे आपल्या डोळ्यांपुढे येतात. ख्रिस्तसभेची शिकवण याहून व्यापक आहे. आशियातील बिशपांच्या महासंघाने १९७४ साली तैपेई येथील सभेत गरीब जनता, स्थानिक संस्कृती आणि अन्य धर्म या तिघांशी संवाद साधण्याचा मार्ग स्वीकारला. १९९१ च्या व्हॅटिकन दस्तऐवजाने तर ‘कृतीचा संवाद’ हा स्वतंत्र प्रकार मानला. मानवाच्या सर्वांगीण विकासासाठी भिन्नधर्मीयांनी एकत्र झटणे, हा त्याचा अर्थ.

नागपूर महाधर्मप्रांतातील भंडारा जिल्ह्यात हा संवाद कोठे घडू शकतो? हिंदू व बौद्ध बांधवांची मोठी वस्ती असलेल्या या जिल्ह्यात मुस्लिम थोडे आणि ख्रिस्ती त्याहून थोडे आहेत. या सर्वांचा समान ठेवा म्हणजे मालगुजारी तलाव. धानाला पाणी, ढिवर समाजाला मासळी, गुरांना पिण्याचे पाणी, हे सारे त्यातून मिळते. १९५० च्या दशकारंभी मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले आणि गाळ काढण्याची व पाळ राखण्याची जुनी जबाबदारी सैल झाली. शेतकऱ्याला पाणी शेतात हवे, तर ढिवराला ते तलावात टिकायला हवे. हा तंटा धर्माचा नव्हे, पोटाचा आहे. म्हणूनच तो सोडविण्यासाठी सर्वांनी एकत्र बसावे लागते.

असे एकत्र बसणे शक्य आहे, याचा अनुभव अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात आला. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने तेथे पाणलोट विकासाला चालना मिळाली. पुढे नाबार्ड व जर्मन सरकार यांच्या साहाय्याने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ मध्ये फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटर ही संस्था स्थापन केली. लाभ घेणारी गावे बहुसंख्येने हिंदू होती. धर्म कोणता, हा प्रश्न नव्हता. अटी होत्या त्या श्रमदानाच्या, चराईबंदीच्या आणि कुऱ्हाडबंदीच्या. प्रत्येक शेताचे नियोजन त्या शेतकरी कुटुंबासोबत केले जाई व गावाची समिती कामाची जबाबदारी घेई.

यात एक धडा कठोर आहे. चराईबंदीचा भार प्रथम शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या भूमिहीनांवर पडतो, तर वाढलेले पाणी प्रथम जमीनवाल्याच्या विहिरीत उतरते. गावाचे एकमत झाले म्हणजे न्याय झाला, असे नव्हे. सर्वांत गरीब कुटुंबाला काय मिळाले, हे वेगळे विचारावे लागते. तलावाच्या बाबतीत हाच प्रश्न ढिवरांचा व शेतमजूर स्त्रियांचा आहे.

दुसरा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा आहे. ख्रिस्ती संस्था गावात आली की धर्मांतराची शंका व्यक्त होते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या ‘देऊस कारितास एस्त’ या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की प्रेमसेवा हे धर्मप्रसाराचे साधन होऊ शकत नाही. प्रेम विनामूल्य असते. हे तत्त्व व्यवहारात दिसले पाहिजे. लाभार्थींची यादी ग्रामसभेत वाचली जावी, हिशेब चावडीवर लागावा आणि बचत गटाची अध्यक्षा सभासदांनी निवडावी. शंका भाषणाने फिटत नाही, उघड्या वहीने फिटते.

आपली संख्या अल्प आहे, म्हणून आपण पुढारी होण्याची गरज नाही. गाळ उपसताना घमेले उचलणाऱ्या हातांपैकी दोन हात आपले असावेत आणि निर्णयाच्या वेळी मागच्या रांगेतील ढिवराचे म्हणणे ऐकले जाईल, एवढा आग्रह आपण धरावा. कृतीचा संवाद येथूनच सुरू होतो.